उबुंटू २४.०४ एलटीएस : कोड लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर

विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. सहाव्या-सातव्या पिढीचा कोअर आय-५, ८ किंवा १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेले कितीतरी धडधाकट लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. असा लॅपटॉप हाताशी असेल आणि काम वेब, बॅकएंड, डेटा किंवा अँड्रॉइडचं असेल, तर त्यावर उबुंटू २४.०४ एलटीएस (लिनक्सवर आधारलेली, दीर्घकाळ अपडेट मिळणारी सिस्टिम) टाका, असा आमचा सरळ कौल आहे. नव्या लॅपटॉपसाठीही कौल तोच, फक्त तिथे हार्डवेअर आधी जास्त काळजीनं तपासावं लागतं.

उबुंटू फुकट आहे किंवा जुन्या मशिनवर हलकं चालतं म्हणून हे सांगत नाही. आपला कोड शेवटी ज्या सर्व्हरवर जाऊन चालतो, तो बहुतेक वेळा लिनक्सचाच असतो. फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर, परमिशन, ओळीचा शेवट, प्रोसेस बंद करताना येणारे सिग्नल, सगळं तिथल्यासारखंच आपल्या टेबलावरही वागायला लागतं. ‘माझ्याकडे तर चालत होतं’ या जातीच्या चुका मग पुश करण्याआधीच सापडतात.

याची किंमत म्हणजे पहिले दोन आठवडे. त्या दोन आठवड्यांतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं: मशिनवर सिस्टिमचं काय आणि आपलं काय, यातला बांध न पाळणं. ॲप्टनं, म्हणजे उबुंटूच्या सॉफ्टवेअर टाकणाऱ्या कमांडनं, आलेली पॅकेजेस सिस्टिमची. होम फोल्डरमध्ये आपण टाकलेलं ते आपलं. हा बांध कोरला की भांडण ठरलेलं. पुढे जिथे जिथे काही मोडतं म्हणून सांगितलंय, तिथे आधी हाच प्रश्न विचारायचा: ही वस्तू आली कुठून?

डब्यात काय मिळतं

२४.०४, टोपणनाव नोबल नमबॅट, २५ एप्रिल २०२४ ला आलं. पाच वर्षं, म्हणजे २०२९ पर्यंत, नेहमीचा आधार. उबुंटू प्रो घेतलं तर तो दहा वर्षांपर्यंत जातो आणि वैयक्तिक वापरासाठी पाच मशिनपर्यंत प्रो मोफत आहे. मूळ कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.८. पण २४.०४.२ च्या इमेजमध्ये (इन्स्टॉल करायच्या फाइलमध्ये) ६.११ आणि २४.०४.३ मध्ये ६.१४ आहे. म्हणून नव्या लॅपटॉपवर टाकताना सर्वांत ताजी पॉइंट रिलीज उतरवा. जुन्या इमेजवर वायफाय दिसत नाही आणि नव्यावर दिसतं, असं पुष्कळदा होतं.

पायथन ३.१२, जीसीसी १३, ओपनजेडीके २१, गो १.२२, पीएचपी ८.३, पोस्टग्रेस १६, डॉटनेट ८ हे सगळं अधिकृत भांडारातच आहे. दोन गोष्टींचा मात्र फारसा गाजावाजा झाला नाही आणि डेव्हलपरच्या दृष्टीनं त्याच मोलाच्या आहेत. एक, ६४-बिट पॅकेजेस फ्रेम पॉइंटर ठेवून बांधलेली आहेत. त्यामुळे ‘पर्फ’ या वेग मोजणाऱ्या साधनानं प्रोफाइल काढलं की सिस्टिम लायब्ररीच्या आतला कॉल स्टॅकही तुटक न येता सलग दिसतो. दोन, मेमरी मॅपची कमाल मर्यादा वाढवून १०,४८,५७६ केली आहे. इलॅस्टिकसर्च या शोध-इंजिनाला किमान २,६२,१४४ लागते आणि जुन्या सगळ्या मार्गदर्शकांत ती हातानं वाढवायची पायरी असते. इथे ती पायरी गाळा.

नोड मात्र भांडारातलं घेऊ नका. तिथे १८.१९ आहे आणि नोड १८ चा आधार ३० एप्रिल २०२५ लाच संपला.

टाकण्याआधी

इमेज सहा जीबीच्या आसपास आहे, म्हणजे ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. उतरवल्यावर शा-२५६ची बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का हे दाखवणारा आकडा) जुळवून बघा. अर्धवट उतरलेली इमेज इन्स्टॉलेशनच्या मध्यावर दगा देते आणि दोष मात्र डिस्कला जातो. पेनड्राइव्ह रुफस, बलेना एचर किंवा व्हेंटॉयनं बनवता येतो. रुफसच्या नेहमीच्या आयएसओ मोडमध्ये बूट झाला नाही तर डीडी मोडनं पुन्हा लिहा. बूट मेन्यूसाठी डेल आणि लेनोव्होवर साधारणपणे एफ१२, एचपीवर एफ९.

‘ट्राय उबुंटू’ निवडून अर्धा तास नुसतं वापरा. ही पायरी कुणीही वगळू नये. वायफाय लागतं का, माइक चालतो का, एचडीएमआयला दुसरा मॉनिटर जोडला तर दिसतो का, झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडलं तर मशिन जागं होतं का, एवढं बघायचं. वायफायला इंटेलची चिप असेल तर सहसा काहीच करावं लागत नाही. रिअलटेकच्या काही आणि ब्रॉडकॉमच्या बऱ्याच चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो उतरवायलाच नेट लागतं. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. उबुंटू त्याला तारेचं नेटवर्क समजतं आणि काम होतं.

विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर चार गोष्टी विंडोजमध्येच आधी उरकायच्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू आहे का ते बघा. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर ते विकत घेतल्यापासूनच चालू असतं. त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा, मगच पुढे जा. बिटलॉकर चालू असताना उबुंटूचा इन्स्टॉलर ते पार्टिशन लहान करत नाही. दुसरं, फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर विंडोज खरं बंद होतच नाही, अर्धं झोपतं, आणि त्याची डिस्क लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरती उघडते. तिसरं, जागा मोकळी करायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. तिथे हवी तेवढी जागा सुटत नसेल तर हलवता न येणाऱ्या फाइल मध्ये असतात. पॉवरसीएफजी कमांडनं हायबरनेशन बंद केलं की त्यातली सर्वांत मोठी निघून जाते.

चौथं थोडं किचकट आहे. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये स्टोरेज इंटेल आरएसटी मोडवर असतं आणि मग इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. ते एएचसीआयवर न्यावं लागतं. पण थेट बदललं तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकतं. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघडायला सांगा, मग बायोस बदला, सेफ मोड एकदा उघडू द्या, मग तो पर्याय काढून टाका. या क्रमानं केलं की दोन्ही चालतात.

दोन्ही सिस्टिम ठेवल्या की विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडतं. लिनक्स मशिनच्या घड्याळात यूटीसी वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. भारतातला फरक म्हणून साडेपाच तास. घड्याळ चुकलं की टोकन आणि प्रमाणपत्रं नाकारली जातात आणि कमिटच्या वेळा उलटसुलट होतात. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही कमांड एकदा दिली की दोघांचं जुळतं.

डिस्क

किमान अट २५ जीबीची सांगतात, पण डेव्हलपरला ती पुरत नाही. १०० जीबीखाली जाऊ नका. डॉकर (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन), अँड्रॉइडचे एमुलेटर आणि दोन-चार प्रोजेक्टचे नोड मॉड्यूल्स यांतच साठ-सत्तर जीबी सहज जातात.

रूट (सिस्टिमचा भाग) आणि होमची वेगळी पार्टिशनं करा, असा जुना सल्ला अजून फिरतो. आम्ही तो देणार नाही. डॉकरच्या इमेज रूटमध्ये साठतात, होममध्ये नाही. रूटला ३० जीबी आणि होमला २०० जीबी दिले की तीन महिन्यांत रूट गच्च भरतं, ॲप्ट अर्धवट अवस्थेत थांबतं आणि होममध्ये जागा नुसती पडून राहते. एकच ईएक्सटी४ पार्टिशन ठेवा. लॅपटॉप घराबाहेर नेत असाल तर इन्स्टॉल करतानाच एन्क्रिप्शनचा पर्याय घ्या, नंतर तो लावणं जिकिरीचं आहे.

प्रोजेक्ट विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर ठेवून दोन्हीकडून उघडायचा मोह टाळा. तिथे लिनक्सच्या परमिशन नसतात, त्यामुळे प्रत्येक फाइल बदललेली आहे असं गिट दाखवतं. सिंबॉलिक लिंक गडबडतात आणि एनपीएम इन्स्टॉल रांगत चालतं. कोड गिटमधून आणा आणि होममध्ये ठेवा.

८ जीबी रॅमवर अँड्रॉइड स्टुडिओ किंवा इंटेलिजे चालवायचं असेल तर स्वॅप फाइल ८ जीबीची करून घ्या. नाहीतर एडिटर आणि ब्राउझर एकदम मोठे झाले की काहीही न सांगता एडिटर गायब होतो. तो क्रॅश झालेला नसतो. मेमरीचा ताण वाढल्यावर ‘सिस्टिमडी-ऊमडी’ ही सेवा त्याला मारते. जर्नलसीटीएलमध्ये या सेवेच्या नोंदी बघितल्या की नावानिशी कळतं.

एनव्हिडिया आणि निळा पडदा

‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ एवढी एकच कमांड द्या (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकारानं). एनव्हिडियाच्या साइटवरून ‘डॉट रन’ फाइल उतरवून चालवू नका. पुढच्या कर्नल अपडेटला ती मोडते आणि काळा पडदा येतो. उबुंटूच्या वाटेनं आलेल्या ड्रायव्हरवर बहुधा कॅनॉनिकलची सही असते आणि सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असतानाही तो चालतो.

ड्रायव्हरचं मॉड्यूल मशिनवरच बांधलं जाणार असेल (व्हर्च्युअलबॉक्स हे नेहमीचं उदाहरण) तर इन्स्टॉल होताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीबूट केल्यावर निळ्या पडद्यावर दहा सेकंदांची उलटी मोजणी दिसते: कोणतंही बटण दाबा. इथेच बहुतेक जण चुकतात, कारण ती सूचना समजून वाट बघत बसतात. बटण दाबायचं, ‘एनरोल मॉक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, मग मघाचा पासवर्ड, मग रीबूट. मोजणी संपू दिली तर मशिन नेहमीसारखं सुरू होतं, पण मॉड्यूल लोड होत नाही. तेव्हा ‘मॉकयूटिल’नं की पुन्हा आयात करून तोच पडदा परत आणता येतो. सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही.

बांध : पायथन, नोड, डेटाबेस

पहिल्या दिवशी हमखास येणारा प्रसंग. टर्मिनल उघडून ‘पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स’ दिलं की लाल अक्षरांत उत्तर येतं: एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट. त्याच संदेशात खाली ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ नावाचा पर्यायही सुचवलेला असतो आणि घाईत लोक तोच वापरतात. त्या पर्यायाच्या नावातच परिणाम लिहिलेला आहे. उबुंटूचं स्वतःचं कितीतरी काम पायथनवर चालतं. पिपनं एखादं पॅकेज वरून बसवलं की ॲप्टला माहीत असलेली आवृत्ती आणि प्रत्यक्षातली आवृत्ती यांचा मेळ बसत नाही आणि पुढचं अपडेट अडतं.

बरोबर वाट अशी: ‘पायथन३-व्हीएन्व्ह’ हे पॅकेज ॲप्टनं घ्या, प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, ते चालू करून मग पिप वापरा. ब्लॅक किंवा एचटीटीपाय यांसारखी कमांड म्हणून वापरायची साधनं ‘पिपएक्स’नं घ्या. ३.१० किंवा ३.१३ हवं असेल तर ‘यूव्ही’ किंवा ‘पायएन्व्ह’नं होममध्ये आणा. सिस्टिमच्या ‘पायथन३’ची लिंक दुसऱ्या आवृत्तीकडे वळवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. त्यानंतर टर्मिनल उघडणं बंद होतं, ॲप्ट एरर देतं आणि दुरुस्त करायला टर्मिनलच नसतं. अशा वेळी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकुराच्या कन्सोलवर जायचं आणि लिंक परत ३.१२ कडे वळवायची.

नोडसाठी ‘एनव्हीएम’ किंवा ‘एफएनएम’. दोन्ही होममध्येच राहतात, म्हणून ग्लोबल पॅकेज टाकतानाही सुडो लागत नाही. ‘सुडो एनपीएम’ कुठल्याही लेखात दिसलं तर तो लेख तिथेच मिटवा. एकदा सुडोनं चालवलं की होममधल्या फाइल रूट या सर्वाधिकारी यूझरच्या मालकीच्या होऊ शकतात आणि मग साध्या कमांडलाही परमिशनचा अडसर येतो. जावाच्या दोन आवृत्त्या ॲप्टनं एकत्र ठेवता येतात, ‘अपडेट-अल्टरनेटिव्हज’नं त्यांतली एक निवडायची.

पोस्टग्रेस टाकल्यावर पासवर्ड विचारतच नाही आणि ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ म्हणतं. यात बिघाड काहीच नाही. एकाच मशिनवरून सॉकेटनं येणाऱ्याची ओळख पोस्टग्रेस लिनक्सच्या यूझरनावावरून पटवतं. सुडोनं पोस्टग्रेस हा यूझर होऊन ‘क्रिएटयूझर’ चालवा आणि आपल्या लिनक्स नावाचाच रोल करा, मग त्याच नावाचा डेटाबेस. पुढे ‘पीएसक्यूएल’ थेट उघडतं. ॲप्लिकेशनसाठी वेगळा रोल करा, त्याला पासवर्ड द्या आणि लोकलहोस्टवरून जोडा. कुणाला कसं आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या एचबीए फाइलमध्ये सगळीकडे ‘ट्रस्ट’ लिहून प्रश्न सोडवणारे पुष्कळ आहेत. ती सवय सर्व्हरवरही जाते, म्हणून लावूच नये.

डॉकर

डॉकर हे लिनक्सवर येण्याचं सर्वांत ठोस कारण. विंडोजवर आणि मॅकवर डॉकर एका छोट्या व्हर्च्युअल मशिनच्या आत चालतं. इथे कंटेनर म्हणजे आपल्याच कर्नलवर चालणारी प्रोसेस. मेमरी आधीच बाजूला काढावी लागत नाही आणि प्रोजेक्टचा फोल्डर कंटेनरमध्ये जोडला तरी फाइल वाचण्याचा वेग तोच राहतो.

डॉकरचं स्वतःचं ॲप्ट भांडार जोडून पाच पॅकेजेस घ्या: इंजिन, सीएलआय, कंटेनरडी, बिल्डएक्स आणि कंपोज प्लगइन. स्नॅपमधलं (उबुंटूच्या बंदिस्त पॅकेज पद्धतीतलं) डॉकर घेऊ नका. ते होमच्या बाहेरचे फोल्डर जोडू देत नाही. मग आपलं नाव ‘डॉकर’ ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. नुसतं नवं टर्मिनल उघडून ग्रुप लागू होत नाही. या ग्रुपमध्ये असणं म्हणजे मशिनवर रूट असणंच, हे लक्षात ठेवा. सामायिक मशिनवर कुणालाही त्यात घालू नये.

विंडोजवरून आलेल्यांची तीन ठिकाणी अडचण होते. पहिली, कंटेनरनं जोडलेल्या फोल्डरमध्ये तयार केलेल्या फाइल बाहेर रूटच्या मालकीच्या दिसतात, एडिटरला त्या सेव्ह करता येत नाहीत आणि पुसताही येत नाहीत. कंपोज फाइलमध्ये यूझर म्हणून ‘१०००:१०००’ लिहा. मशिनवरच्या पहिल्या यूझरचा क्रमांक बहुधा १००० असतो, ‘आयडी’ कमांड देऊन खात्री करा. दुसरी, कंटेनरच्या आतून मशिनवरचा डेटाबेस गाठायला ‘होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल’ हे नाव इथे आपोआप मिळत नाही. कंपोजमध्ये ‘एक्स्ट्रा होस्ट्स’खाली ते नाव ‘होस्ट-गेटवे’शी जोडावं लागतं.

तिसरी बाब सुरक्षेची आहे. यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू केली, सगळं बंद ठेवलं, तरी डॉकरनं उघडलेला पोर्ट बाहेरून उघडाच राहतो, कारण डॉकर आपले नियम थेट आयपीटेबल्समध्ये लिहितं आणि यूएफडब्ल्यूचे नियम त्या वाटेत येतच नाहीत. कॉफी शॉपच्या किंवा होस्टेलच्या वायफायवर रेडिसचा पोर्ट असा उघडा ठेवणं धोक्याचं आहे. पोर्ट लिहिताना पुढे १२७.०.०.१ लावा, म्हणजे तो आपल्या मशिनपुरताच राहतो.

महिन्यातून एकदा ‘डॉकर सिस्टिम डीएफ’ बघा. जुने बिल्ड कॅश किती साठलेत ते कळतं आणि ‘प्रून’नं ते काढता येतात. व्हॉल्यूम पुसणारा पर्याय मात्र समजून-उमजून वापरा, डेटाबेस त्यातच असतो.

स्नॅप

उबुंटूचा आमच्या मते सर्वांत कच्चा दुवा. फायरफॉक्स, थंडरबर्ड आणि क्रोमियम इथे स्नॅप म्हणूनच येतात. ब्राउझिंगला अडचण नाही, पण डेव्हलपरला दोन ठिकाणी टोचतं. स्नॅपमधल्या फायरफॉक्सला सिस्टिमचा टेम्प फोल्डर आणि होममधले टिंबानं सुरू होणारे फोल्डर दिसत नाहीत. तिथे तयार झालेला कव्हरेज रिपोर्ट उघडायला गेलात तर ‘फाइल नॉट फाउंड’ येतं आणि फाइल तर समोर असते. सेलेनियमही याच कारणानं प्रोफाइल सापडत नाही म्हणून थांबतं. मोझिलाचं स्वतःचं ॲप्ट भांडार आहे, तिथून फायरफॉक्स घेतलं की दोन्ही प्रश्न मिटतात. व्हीएस कोडही मायक्रोसॉफ्टच्या भांडारातून डेब (ॲप्टचं नेहमीचं पॅकेज) म्हणून घ्या. स्नॅपमधल्या व्हीएस कोडच्या आतल्या टर्मिनलमध्ये स्नॅपच्या लायब्ररींचे पत्ते झिरपतात आणि तिथून सुरू केलेले खिडकीवाले प्रोग्रॅम विचित्र सिंबॉल एरर देऊन पडतात.

ॲपइमेजचं, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालवायच्या एका फाइलमधल्या ॲपचं, दुखणं वेगळं. आधी ‘लिबफ्यूज२टी६४’ हे पॅकेज लागतं. नुसतं ‘फ्यूज’ टाकू नका, ते ‘फ्यूज३’ला हटवतं आणि डेस्कटॉपचे भागही सोबत काढायला निघतं. त्यानंतरही इलेक्ट्रॉनवर बांधलेलं ॲप सँडबॉक्सची तक्रार करत बंद पडू शकतं, कारण २४.०४ मध्ये ॲपआर्मर ही सुरक्षा यंत्रणा सामान्य यूझरला नेमस्पेस मोकळेपणानं करू देत नाही. ‘नो सँडबॉक्स’ लावून ॲप चालतं खरं, पण ब्राउझर इंजिनाचं कवच काढून चालतं. त्याच ॲपचं डेब मिळत असेल तर ते घ्या. डेबसोबत ॲपआर्मरची प्रोफाइल बहुधा येते.

जुन्या लेखांतल्या पायऱ्या इथे सरसकट लागू होत नाहीत, हेही सांगायला हवं. भांडारांची यादी आता ‘सोर्सेस डॉट लिस्ट’मध्ये नाही, ‘उबुंटू डॉट सोर्सेस’ या फाइलमध्ये वेगळ्या मांडणीत आहे. ‘ॲप्ट-की’ वापरायला सांगणारा लेख दिसला तर त्याच प्रॉडक्टचं अधिकृत पान उघडा.

विंडोजवरचा जुना कोड आणताना

पहिल्याच बिल्डला ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ येईल. फाइलचं नाव मोठ्या एच्‌नं ‘हेडर’ आणि इम्पोर्टमध्ये लहान एच्‌, हे विंडोज चालवून घेतं, लिनक्स घेत नाही. दुरुस्त करताना ‘गिट एमव्ही’ वापरा म्हणजे नावातला बदल गिटमध्येही नोंदला जातो. शेल स्क्रिप्ट ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून थांबली आणि शेवटी टोपीसारखं चिन्ह व एम्‌ दिसलं, तर ओळींचे शेवट विंडोजचे आहेत. ‘डॉस२युनिक्स’नं ती फाइल बदला आणि रेपोत ‘गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइल ठेवा, म्हणजे टीममधल्या दुसऱ्याच्या मशिनवरून तोच प्रश्न परत येणार नाही. एसएसएच की पेनड्राइव्हवरून आणली तर ती फार उघडी आहे म्हणून नाकारली जाते, तिची परमिशन ६०० करा.

मोठ्या रेपोत डेव्ह सर्व्हर ‘फाइल वॉचर्सची मर्यादा संपली’ म्हणत असेल तर सिस्टिमसीटीएलच्या सेटिंग फाइलमध्ये नवी ओळ घालून आयनोटिफायचे कमाल वॉचेस ५,२४,२८८ करा. अँड्रॉइडसाठी बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते बघा (एएमडीवर त्याचं नाव एसव्हीएम असतं), मग ‘केव्हीएम-ओके’ चालवा. आपलं नाव ‘केव्हीएम’ ग्रुपमध्ये घातलं की एमुलेटर पूर्ण वेगानं चालतो. फोन जोडल्यावर एडीबी ‘नो परमिशन्स’ म्हणालं तर यूडेव्हचे नियम देणारं ‘अँड्रॉइड-एसडीके-प्लॅटफॉर्म-टूल्स-कॉमन’ हे पॅकेज टाका आणि केबल काढून परत लावा.

रोजचं वापरणं, आणि मराठी

ग्नोम ४६ हा डेस्कटॉप स्थिर आहे. १२५ टक्के स्केलिंगवर काही जुनी ॲप धूसर दिसतात, कारण ती वेलँड या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या नव्या पद्धतीवर थेट चालत नाहीत. बॅटरी विंडोजपेक्षा थोडी कमी टिकते असं धरून चला.

मराठीसाठी सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या पानावर मराठीचा कागापा फोनेटिक लेआउट तयार आहे. इनस्क्रिप्टची सवय असेल तर ‘आयबस-एम१७एन’ टाकून एकदा लॉगआउट करा, मग मराठी इनस्क्रिप्ट२ दिसेल. सुपर आणि स्पेसनं भाषा बदलते. ‘इंग्लिश (इंडिया, विथ रुपी)’ लेआउटवर उजवा ऑल्ट आणि ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह येतं. टर्मिनलमध्ये मात्र देवनागरी नीट दिसत नाही. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देतं आणि जोडाक्षरं, मात्रा त्यात मावत नाहीत. ‘श्री’ तुटलेलं दिसलं म्हणून डेटाबेसचं एन्कोडिंग बदलायला धावू नका. तोच मजकूर एडिटरमध्ये किंवा ब्राउझरमध्ये उघडून बघा. सिस्टिमची भाषा इंग्रजीच ठेवा, एररचा संदेश शोधायला सोपं पडतं.

कुणी येऊ नये

पूर्ण व्हिज्युअल स्टुडिओ, विनफॉर्म्स, डब्ल्यूपीएफ किंवा डॉटनेट फ्रेमवर्क ४ वर रोजचं काम असेल तर इथे येऊ नका. एसक्यूएल सर्व्हर डॉकरमध्ये चालतो, पण त्याचा मॅनेजमेंट स्टुडिओ चालत नाही. टॅलीशी जोडणी करणाऱ्यांना विंडोज हाताशी ठेवावंच लागेल. टीम्सचं लिनक्सवरचं स्वतंत्र ॲप मायक्रोसॉफ्टनं बंद केलं आहे, ब्राउझरमधून वापरायचं. कंपनीचा लॅपटॉप असेल तर व्हीपीएन आणि सुरक्षा एजंट लिनक्सवर चालतात का, हे आयटी विभागाला डिस्क पुसण्याआधी विचारा.

विंडोज सोडताच येत नसेल तर डब्ल्यूएसएल२ मध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या सोयीत) हेच २४.०४ टाका. फक्त प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर न ठेवता त्याच्या आतल्या लिनक्स होममध्ये ठेवा. सी ड्राइव्हवरून वाचताना गिट स्टेटसलाही ताटकळावं लागतं.

पुढच्या एलटीएसवर जाताना

नवं एलटीएस दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतं, पण आधीच्या एलटीएसवाल्यांना अपग्रेडची सूचना पहिल्या पॉइंट रिलीजनंतरच मिळते. तोवर थांबा, जबरदस्तीनं आधी जाऊ नका. आदल्या दिवशी टाइमशिफ्टनं सिस्टिमचा स्नॅपशॉट घ्या आणि होमचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर. टाइमशिफ्ट होम सहसा वगळतं. अपग्रेड होताना बाहेरची भांडारं, म्हणजे डॉकर, व्हीएस कोड, मोझिला, बंद केली जातात. नंतर ती एकेक करून परत चालू करावी लागतात. एनव्हीएममधला नोड आणि यूव्हीनं आणलेलं पायथन होममध्येच असल्यानं त्यांना धक्का लागत नाही. सिस्टिमच्या ३.१२ वर उभी केलेली व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट्स मात्र पायथनची आवृत्ती बदलली की निकामी होतात. ती दुरुस्त करत बसू नका. फोल्डर पुसा, रिक्वायरमेंट्सच्या फाइलवरून परत उभी करा. त्यासाठी ती फाइल अपग्रेडच्या आधी ताजी करून ठेवा.